दोन बोटं पाणी

१२ फेब्रुवारी

कंपनीचं पत्र सकाळी ईमेलनं आलं. वर लाल अक्षरांत ‘सेवा मोहीम’. मोहीम म्हणे! जणू घोड्यावर बसून कुठंतरी चाल करून जायचंय. चार पानं वाचल्यावर अर्थ एवढाच निघाला, की गेल्या दोन वर्षांत विकलेल्या काही इंजिनांमधला पेट्रोलचा पंप तापला की अडकतो आणि इंजिन चालता चालता बंद पडतं. तो काढून दुसरा बसवायचा. ‘सदोष’ हा शब्द चार पानांत एकदाही नाही. ‘सुधारणेस वाव असलेला पंप’ असं लिहिलंय. हे वाक्य ज्याला सुचलं त्याला बढती मिळाली असणार.

सोबत इंजिनांच्या नंबरांची यादी. आमच्या वाट्याला एकेचाळीस आलीत. बत्तीस वर्षं मी बोटींच्या मागं लागणारी इंजिनं दुरुस्त करतोय, त्यातली चौदा या कंपनीची अधिकृत पाटी लावून. एवढी मोठी यादी पहिल्यांदाच बघितली.

यादी उघडल्यावर आधी मेहुण्यांच्या इंजिनाचा नंबर शोधला. नाही. त्यांचं इंजिन सात वर्षांपूर्वीचं, त्यामुळं नसणारच होतं. तरी दोनदा पाहिलं. बरं वाटलं.

उद्या कुणी या वहीत डोकावलं तर कोड्यात पडू नये म्हणून लिहून ठेवतो. मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. दोघांची मिळून एक प्रवासी बोट, बंदराच्या या काठावरून त्या काठावर. ते चालवायचे, धाकटी तिकिटं द्यायची. गेल्या वर्षी पंधरा मार्चला भर बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. बोटीत अकरा प्रवासी होते. बोट वाहत धक्क्याच्या भिंतीकडं जायला लागली. धाकटीनं हात लावून ती थोपवायला पाहिली आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं बोट आणि भिंतीच्या मध्ये सापडली. प्रवासी सगळे सुखरूप. बोटं वाचली नाहीत.

इंजिन माझ्याकडंच तपासायला आलं. पेट्रोल गाळणाऱ्या फिल्टरखाली एक पारदर्शक वाटी असते. पेट्रोलमध्ये पाणी मिसळलेलं असेल तर ते त्या वाटीच्या तळाशी बसलेलं दिसतं. वाटीत दोन बोटं पाणी होतं. तसं मी अहवालात लिहिलं. इंधनात पाणी म्हणजे चालकाचा निष्काळजीपणा, असा नियम आहे. त्यावरून बंदर कार्यालयानं मेहुण्यांचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला. माझा त्यात काही आकस नव्हता. इंजिन जे सांगतं ते मी लिहितो. धाकटी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ती लहानपणापासूनच हट्टी आहे.

१३ फेब्रुवारी

कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. त्याच्या शर्टाची घडी सकाळी जशी असते तशीच संध्याकाळी असते, म्हणून वर्कशॉपमध्ये त्याला सगळे इस्त्रीसाहेब म्हणतात. नाव मीच ठेवलंय, पण कबूल करत नाही.

त्यानं पंप उघडून दाखवला. आत एक कडी आहे, अंगठीएवढी, प्लॅस्टिकची. पूर्वी ती धातूची असायची. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळतात, ते या प्लॅस्टिकला मानवत नाही. कडी हळूहळू फुगते. गार असताना पंप फिरतो. तापला की कडी घट्ट बसते, पंप अडकतो आणि इंजिन बंद. वीस मिनिटं थांबलं की निवतं आणि पुन्हा सुरू होतं, काही झालंच नव्हतं अशा थाटात.

“म्हणजे वर्कशॉपमध्ये आणेपर्यंत काही सापडायचंच नाही,” मी म्हटलं.

“तीच तर गंमत आहे,” इस्त्रीसाहेब म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आणि काका, गिऱ्हाइकासमोर दोष हा शब्द काढायचा नाही हं. मोहीम म्हणायचं.”

“कसली मोहीम, असं विचारलं तर?”

“तुमच्यासाठीच आहे, म्हणायचं.”

पोरगा हुशार आहे. कामापुरता.

१८ फेब्रुवारी

अकरा झाली. अकराच्या अकरा कड्या फुगलेल्या. बोटानं दाबलं तरी कळतं.

आज तो जाड्या मासेमारीवाला आला होता. दोन वर्षांत त्याचं इंजिन पाच वेळा बंद पडलं आणि पाचही वेळा मी कार्डावर ‘इंधनात पाणी’ लिहिलं. तो पंपाकडं बघत राहिला. मग म्हणाला, “तुमच्या नादानं मी टाकी धुतली, नळ्या बदलल्या, पेट्रोल घ्यायची जागा बदलली, शेवटी सख्ख्या भावावर संशय घेतला. आणि हे निघालं?”

मी म्हटलं, मोहीम आहे, तुमच्यासाठीच. त्यानं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

लोकांना वाटतं आम्ही मनाला येईल ते लिहितो. पद्धत समजून घ्यायला हवी. कंपनीच्या संगणकावर जॉबकार्ड बंद करायचं तर ‘कारण’ या रकान्यात काहीतरी निवडावंच लागतं. सात पर्याय दिलेत. वापरातली चूक, इंधनात पाणी, आदळणं, तेलाची कमतरता वगैरे. ‘कळलं नाही’ हा पर्याय नाही. कारण निवडलं नाही तर कार्ड बंद होत नाही, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. ‘इंधनात पाणी’ निवडलं की ‘किती?’ असा आणखी एक रकाना येतो. तोही रिकामा ठेवता येत नाही. आमच्याकडं बोटांनी मोजायची पद्धत आहे. शिवाय थोडंफार पाणी सगळ्यांच्याच पेट्रोलमध्ये असतं. मेहुण्यांच्या वाटीतही बोटभर तरी होतंच.

२१ फेब्रुवारी

वर्कशॉपचे कागद ही बघते. ही म्हणजे आमची सौभाग्यवती. तिची फाइल म्हणजे बघत राहावी अशी, तारखेनुसार, कोपऱ्याला कोपरा जुळवून. पण आज माझ्या टेबलावर गेल्या वर्षीच्या दोन फेब्रुवारीचं एक कार्ड सुटं पडलेलं दिसलं. फाइलमध्ये परत ठेवून दिलं. वय झालं तिचंही, नजरचूक व्हायचीच.

गुडघ्यासाठी म्हणून ती गेल्या एप्रिलपासून रोज दुपारी चालायला जाते. दोन-दोन तास. परत येते तेव्हा दमलेली मात्र दिसत नाही. चांगला गुण आलाय.

२५ फेब्रुवारी

बंदर कार्यालयाचं पत्र. मेहुण्यांच्या परवान्याची फेरसुनावणी वीस मार्चला. परवाना परत द्यायचा की कायमचा रद्द करायचा, ते त्या दिवशी ठरणार. मी हजर राहून ‘माझा अहवाल कायम आहे’ अशी सही द्यायची. तशी सही दिली तर परवाना कायमचा जाईल, असं पत्रातच स्पष्ट म्हटलंय. मेहुणे सध्या दुसऱ्यांच्या बोटींना रंग लावतात. पंचवीस वर्षं बोट चालवलेल्या माणसाला ते जड जात असणार. पण नियम सगळ्यांना सारखा.

पत्रासोबत मागच्या वेळच्या जबाबाची प्रत आहे. त्यात एक प्रश्न आहे: ‘अपघातापूर्वी इंजिनाला बाहेरच्या कुणी हात लावला होता का?’ मेहुण्यांचं उत्तर: ‘नाही.’

हे साफ खोटं आहे. अपघाताच्या सहा आठवडे आधी ते इंजिन माझ्याकडं आलं होतं, मी स्वतः उघडलं होतं. माणूस घाबरला की असं काहीबाही बोलतो. मी तेव्हा हे उघड केलं नाही, त्यांचीच अब्रू जायला नको म्हणून. नात्यात तेवढं सांभाळून घ्यावंच लागतं.

पाणी नक्की किती होतं हे सुनावणीत विचारतील. एक वर्षानंतर असं नेमकं सांगणं अवघड असतं.

२८ फेब्रुवारी

ते कार्ड पुन्हा टेबलावर. या खेपेला चष्म्याखाली दाबून ठेवलेलं. मग वाचलं.

‘दोन फेब्रुवारी. पेट्रोलचा पंप बदलला. जुना धातूचा, चालू स्थितीत. नवा बसवला. खबरदारी म्हणून. घरचं काम.’ अक्षर माझं; घरचं काम म्हणून संगणकावर घातलं नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी कंपनीकडून चार सुटे पंप आले होते, नव्या घडणीचे. जुन्या इंजिनांनाही चालतील असं सांगितलं होतं. त्यातला पहिला मी मेहुण्यांच्या इंजिनात बसवला. ते नको म्हणत होते, जुना उत्तम चाललाय म्हणत होते. मी ऐकलं नाही. धाकटी दिवसभर त्या बोटीवर असते, तिच्या जिवाशी खेळ नको, असं मीच म्हणालो होतो. हे मला शब्दशः आठवतंय.

त्या चार पंपांचा गट क्रमांक खोक्यावर होता. खोकं अजून फळीवर आहे. मोहिमेतल्या पंपांचा जो गट, तोच.

म्हणजे कंपनी इंजिनांचे नंबर बघते. सुटा पंप कुठल्या इंजिनात गेला हे तिला माहीत नाही. ते फक्त या कार्डावर आहे.

कार्ड तिसऱ्यांदा वाचलं. काही बदललं नाही.

१ मार्च

दोन इंजिनं केली. बाकी काही नाही.

४ मार्च

इस्त्रीसाहेब मोजणीसाठी आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “या गटातले सुटे पंप जर कुणी जुन्या इंजिनांत बसवले असतील, तर?”

“इंजिनाचा नंबर यादीत आहे का?”

“नाही.”

“मग ते मोहिमेत नाही.”

“पण पंप तोच ना?”

त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं. “काका, सुटा पंप कंपनीनं नाही बसवला. ज्यानं बसवला त्याची जबाबदारी. तुम्ही लेखी दिलंत तर कंपनी आधी तुमची पाटी उतरवेल आणि मग विचार करेल. आणि तसे पंप बसवलेत हे सांगणार तरी कोण?”

“मी.”

तो हसला. “तुम्ही कशाला सांगाल?”

पुढं तो बराच वेळ हवापाण्यावर बोलला. मी मान डोलवत होतो.

८ मार्च

आज हिच्याशी वाजलं. म्हणजे ती बोलली आणि मी ऐकून घेतलं.

जेवताना मी म्हटलं, “ते कार्ड तूच काढून ठेवत होतीस.”

“दिसायला तुम्हाला महिना लागला.”

“पंप वाईट निघेल हे मला माहीत नव्हतं गं.”

“पंपाचं कोण बोलतंय?” तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “अहो, पंप तुम्ही मायेनं बसवलात. धाकटीही तेच म्हणते.”

“धाकटी? तुला कुठं भेटली?”

“रोज भेटते. माझे गुडघे ठणठणीत आहेत.”

बायको अकरा महिने रोज दोन तास आपल्या बहिणीकडं जाते आणि आपण तिला गुण आला म्हणून खूश होतो.

मग ती म्हणाली, “पोरीची दोन बोटं गेली आणि तुम्ही दोन बोटं पाणी लिहून मोकळे झालात. हे दोन्ही एकाखाली एक ठेवून वाचून बघितलंत कधी? तिला ती नोटीस वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली. पट्टी बांधलेल्या हातानं तिला कागद धरता येत नव्हता.”

“मोजायची पद्धत आहे ती.”

“आणि त्या दिवशी मी फोन केला, धाकटीची बोटं गेली म्हणून सांगितलं, तर तुम्ही काय विचारलंत?”

तेव्हा फोनवर खरखर होती. मी ‘बोटं गेली’च्या जागी ‘बोट गेली’ असं ऐकलं. आणि विचारलं, “इंजिन वाचलं का?”

हे मी पूर्वी कुठं लिहिलेलं नाही. ऐकण्यातली चूक होती, कुणाचीही होईल. पण बोट बुडाली असं ऐकल्यावरही, त्या बोटीवर माझी बहीण असते, आणि मी आधी इंजिन विचारलं. ही चूक ऐकण्यातली नाही.

“पाणी होतं का हो?” हिनं विचारलं.

“ओल होती,” मी म्हणालो.

तिनं ताटं उचलली.

१३ मार्च

चार पंपांपैकी दुसरा दातांच्या डॉक्टरच्या बोटीत, तिसरा पोहण्याच्या क्लबच्या जीवरक्षक बोटीत. दोन्ही आज बदलले, माझ्याकडचे जुने धातूचे बसवून. जीवरक्षक बोटीची कडी सगळ्यांत जास्त फुगलेली निघाली. बुडणाऱ्याला वाचवायला निघालेली बोट. मी हात पुसून थोडा वेळ बाकावर बसलो. चौथा पंप दीपगृहावर सामान नेणाऱ्याच्या बोटीत आहे. तो बावीसपर्यंत बाहेर, फोन लागत नाही. रोज सकाळी आणि दुपारी लावतोय.

तिथून मेहुण्यांकडं गेलो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. ते कुणाच्यातरी उलट्या ठेवलेल्या बोटीचा जुना रंग खरवडत होते.

“दाजी, तुमचं इंजिन जरा उघडू का?”

“उघडा की.”

त्यांनी ताडपत्री काढली, पाना हातात दिला, पुढं कुठला लागेल तोही काढून ठेवला. काय शोधताय, हे एका शब्दानं विचारलं नाही. पंप बाहेर आला तसा त्यांनी एक स्वच्छ फडका पुढं केला, गुंडाळून न्यायला. मी कडी दाबून बघितली. फुगलेली.

“धाकटी कशी आहे?”

“आत आहे. हाक मारू?”

“नको. कामात असेल.”

“कामात नाहीये,” ते म्हणाले. मग पुन्हा रंग खरवडायला लागले.

इतका कुतूहल नसलेला माणूस मी पाहिला नाही.

२० मार्च

सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. पाणी बारा फेब्रुवारीला दोन बोटं आहे, अठराला बोटभर, पंचवीसला सांगणं अवघड, आठ मार्चला नुसती ओल. कुणी न शिवता एवढं पाणी आटलं. दुसऱ्या कुणाची वही असती तर मी पहिल्या आठवड्यात ओळखलं असतं.

सुनावणीची खोली लहान. एक लांब टेबल, चार खुर्च्या, भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट. बंदर अधिकारी बाई, शेजारी टाइप करणारा. समोर मेहुणे. मागच्या खुर्चीत धाकटी, मांडीवर पर्स, उजवा हात पर्सखाली. माझ्याकडं बघितलं नाही. ही दारापाशी उभी राहिली.

बाईंनी कागद माझ्याकडं सरकवला. “अहवाल कायम आहे ना? इथं सही.”

पेन माझ्या हातात होतं. “नाही,” मी म्हटलं.

“काय नाही?”

“अहवाल कायम नाही.”

फडक्यातला पंप टेबलावर ठेवला, शेजारी दोन फेब्रुवारीचं कार्ड. पंप कुठून आला, कुणी बसवला, कडी कशी फुगते, सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं लागली असतील. बाईंनी कडी दाबून बघितली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पाणीही होतं आणि पंपही खराब होता, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

कुणालाच उणेपणा येणार नाही असा रस्ता त्यांनी आपणहून काढून दिला होता. चांगल्या बाई आहेत. हो म्हटलं असतं तर माझा अहवाल निम्मा तरी खरा राहिला असता, आणि मेहुण्यांचा निष्काळजीपणाही निम्मा राहिला असता.

“पाणी किती होतं मग?” त्यांनी विचारलं.

“नव्हतं.”

टाइप करणारा थांबला.

“वाटी भरून स्वच्छ पेट्रोल होतं. पाण्याचा टिपूस नव्हता. इंजिन माझ्यासमोर पहिल्या झटक्यात सुरू झालं. मला कारण सापडलं नाही.”

“मग दोन बोटं कुठून आली?”

“कार्ड बंद होत नव्हतं,” मी म्हणालो. हे खरं होतं पण पुरेसं नव्हतं, आणि बाई वाट बघत होत्या. “मी हॉस्पिटलमधून बहिणीचा हात बघून तसाच वर्कशॉपला आलो होतो. मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. हे समोर होते.”

टाइप करणारा पुन्हा टाइप करायला लागला.

बाई मेहुण्यांकडं वळल्या. “तुम्ही जबाबात म्हटलं होतं, इंजिनाला बाहेरच्या कुणी हात लावला नव्हता. आता हे म्हणतात, पंप यांनी बदलला.”

मेहुणे उठून उभे राहिले. “बाई, तुम्ही बाहेरच्या कुणी असं विचारलं होतं. हे माझ्या बायकोचे भाऊ आहेत.”

“पण पंपाचा संशय तेव्हाच आला होता ना तुम्हाला?”

“आला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

ते जरा घुटमळले. “संशयच होता. आणि खरा ठरला असता तर दादांची पाटी गेली असती. माझा परवाना वर्षाचाच गेला होता.”

या माणसाला मी याच वहीत खोटारडा म्हटलंय. त्यांच्या अब्रूची काळजी म्हणून आपण गप्प राहिलो, असंही लिहिलंय. मला लाज वाटली. एरवी मी हा शब्द उगाच वापरत नाही.

परवाना त्यांना तिथल्या तिथं परत मिळाला. माझ्याकडून नवा जबाब लिहून घेतला. बाहेर आल्यावर मेहुण्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. धाकटी जिन्यानं खाली निघून गेली होती.

२१ मार्च

कंपनीचा ईमेल. अधिकृत केंद्राची मान्यता काढून घेतली आहे, पाटी उतरवावी. संगणकावरचं माझं खातं सकाळीच बंद झालं होतं. इस्त्रीसाहेबाचा वेगळा फोन आला, “काका, मी म्हटलं होतं ना.” खरंच म्हटला होता.

पाटी मीच उतरवली. शिडी हिनं धरली. भिंतीवर पाटीच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिलाय. ही म्हणाली, भिंत मुळात एवढी गोरी होती हे विसरलेच होते मी.

२३ मार्च

दीपगृहवाला काल संध्याकाळी उशिरा सुखरूप आला. आज सकाळी आठला त्याच्या धक्क्यावर गेलो. वाटेत दोनदा इंजिन बंद पडलं म्हणाला. “पाणी असेल म्हणून फिल्टर बदलला. तुम्हीच सांगता ना नेहमी.” मी त्याला बसवून सगळं सांगितलं. आधी चिडला, मग पाना द्यायला बसला.

झाकण काढत होतो तेवढ्यात धक्क्यावरून कुणीतरी उतरून आलं. धाकटी. हिनं सांगितलं असणार मी कुठं आहे ते. एका हातानं कठडा धरून ती बोटीत आली आणि माझ्यासमोरच्या फळीवर बसली.

“वाटी काढ,” ती म्हणाली.

एका वर्षानंतरचे पहिले शब्द. मी वाटी काढून तिच्या हातात दिली, डाव्या. तिनं ती उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. चांगला वेळ घेतला.

“काही नाही यात.”

“नाही.”

“मग लिही. माझ्यासमोर लिही.”

संगणक नव्हताच. पिशवीतला कोरा कागद गुडघ्यावर घेतला. यात रकाने नव्हते आणि पर्यायही नव्हते, त्यामुळं सुरुवात कुठून करायची ते मला कळेना. शेवटी लिहिलं: ‘इंधनात पाणी नाही. पंप अडकत होता. हा पंप मी बसवला होता. आज मी काढला.’ तारीख घातली, सही केली.

“पाणी नाही हे कुणी बघितलं?” धाकटीनं विचारलं. “तू लिहिलेलं आता कोण खरं मानणार आहे?”

बोलणं कठोर होतं आणि बरोबर होतं. दीपगृहवाला बुटाची नाडी बांधायला लागला.

तिनं कागद स्वतःकडं ओढला, दोनदा वाचला, पेन माझ्या हातून घेतलं आणि खाली ‘साक्षीदार’ असं लिहून सही केली. डाव्या हातानं, न अडखळता, ओळ सरळ ठेवून.

ती डाव्या हातानं लिहायला शिकलीय, हे मला माहीतच नव्हतं. पहिल्यांदा, लहानपणी, तिचा हात धरून मीच लिहायला शिकवलं होतं. या खेपेला कुणी शिकवलं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.